पळवणकर बाळू यांना भारतीय क्रिकेटच्या इतिहासात एवढे महत्त्व का दिले जाते?

भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. त्याच्या कितीतरी आधी, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, बाळू यांनी आपल्या डावखुऱ्या फिरकीने शंभरहून अधिक बळी मिळवले होते. केवळ खेळाडू म्हणूनही त्यांचे स्थान फार वरचे ठरते. परंतु चर्मकार समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाला पुण्यातील हिंदू संघाने, युरोपीय संघाला हरवण्यासाठी तो हवा म्हणून, संघात घेतले, मैदानात सर्वांनी त्याच चेंडूला हात लावला, आणि चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला गेला, हे विसरता येत नाही. गुणवत्ता मान्य करायची आणि माणूस नाकारायचा, हा अन्याय क्रिकेटने इतका उघड करून दाखवला की त्यावर जाहीर चर्चा होऊ लागली. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत, जिथे युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे धर्म-समुदायांनुसार संघ उतरत, हिंदूंचे कर्णधारपद बाळू यांना कधीच मिळाले नाही, ही माझ्या मते त्या काळच्या निवडीवरील सर्वांत मोठी नामुष्की आहे. १९२३ साली हे कर्णधारपद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले आणि त्या वर्षी हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली.