बाजाराच्या दिवशीची गोळी

प्रश्न: माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. हाताची बोटं, मनगटं सुजायची. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. सांधेतज्ज्ञांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (संधिवाताचा एक प्रकार) असल्याचं सांगून मेथोट्रेक्सेट सुरू केलं. 2.5 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आठवड्यातून एकदा, दर शुक्रवारी, आणि शनिवारी फॉलिक ॲसिडची एक. दिरांनी मोबाइलवर वाचलं की हे कॅन्सरचं औषध आहे. तेव्हापासून आईंनी धास्ती घेतली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, रोज एकेक घेतली तर अंगावर येणार नाही आणि गुणही लवकर येईल. गोळ्या मीच काढून देते, त्यांना गिळायला जड जातं म्हणून तोडून देते. मला पाचवा महिना आहे. आई दरवर्षी आळंदीहून वारीला चालत जातात. यंदा जाऊ द्यावं का?
– एक वाचक, फलटण तालुका

उत्तर: ताई, तुम्ही आईंबद्दल विचारलंत, पण मी आधी तुमच्याबद्दल बोलते. आजपासून या गोळ्यांना तुम्ही हात लावू नका. पोटातल्या बाळाला हे औषध घातक आहे, आणि तोडलेल्या गोळीची भुकटी बोटांना लागते. आजवर तोडून दिल्यात हे तुमच्या तपासणीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. हे काम यजमानांकडे किंवा दिरांकडे द्या. त्यांनीही गोळी तोडायची नाही. चार गोळ्या एकदम गिळायच्या नसतातच, एकामागून एक घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या. तरीही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, याचं इंजेक्शनही मिळतं.

आता काकूंचा सल्ला. मी तीस वर्षं रुग्णालयाच्या औषधखिडकीत काढली. एक शेतकरी दादा मला अजून आठवतात. तोंडाला रुमाल लावून आले होते. रुमाल काढला तर ओठांच्या आतून, जिभेवर पांढरे फोड. घास तर सोडाच, पेजही उतरत नव्हती. मी त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि फोडलेली घरं मोजली. नऊ दिवसांत नऊ. आठवड्याची गोळी कागदावरून कागदावर उतरवताना कुणाच्या तरी हातून ‘रोज एक’ झाली होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. उताऱ्याचं औषध असतं, ल्युकोव्होरिन, ते सुरू केलं. वॉर्डातून घरी जायला त्यांना तीन आठवडे लागले.

काकू सांगतात तेही नेमकं हेच आहे. हिशेबही करून बघा: रोज एक म्हणजे आठवड्याला 17.5 मिलिग्रॅम, आणि आईंना लिहून दिलेत 10. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. हे औषध फॉलिक ॲसिडचं काम अडवतं, आणि नवी पेशी तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागतंच. तोंडाच्या आतली त्वचा आणि हाडातला मगज इथे रोज नव्या पेशी होत असतात. आठवड्यातून एकदा घेतलं की मधल्या सहा दिवसांत शरीर सावरतं. रोज घेतलं की सावरायला उसंतच नाही. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, रोज घेऊन ते कमी होत नाहीत.

‘कॅन्सरचं औषध’ हे खोटं नाही, आईंपासून ते लपवू नका. या कुळातल्या औषधांमागे आपल्या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची प्रयोगशाळा होती, आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1948 मध्ये रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांवर त्यातल्या पहिल्या औषधाचा गुण दाखवला. पण हाडाच्या काही कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट एका वेळी कित्येक ग्रॅम शिरेतून देतात. आईंचे 10 मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग, आणि तोही सांध्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती शांत करायला. बोटं वाकडी व्हायच्या आत हे औषध सुरू झालं, हे आईंचं भाग्यच म्हणायचं.

शुक्रवार मला आवडला. तो तुमच्या गावच्या बाजाराचा दिवस असेल तर फारच उत्तम, तो कुणी विसरत नाही. मी पेशंटना नेहमी बाजाराचा वार धरायला सांगायचे आणि पाकिटावर लाल पेनाने पूर्ण शब्द लिहायचे. ‘सो.’ लिहिलं की कुणी सोमवार वाचतं, कुणी सोबत. उपासाचा वार मात्र धरू नये, त्या दिवशी पाणी कमी जातं आणि हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं.

औषध आणताना पाकिटावरचा आकडा बघा. याच औषधाची 10 मिलिग्रॅमचीही गोळी येते. दुकानातून ती मिळाली आणि सवयीने चार घेतल्या तर चाळीस झाले! फॉलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा तशीच लहान, पिवळी. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. शुक्रवार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते, त्यानंतर ती सोडून द्यायची. पुढच्या शुक्रवारी दुप्पट कधीच नाही.

रक्ताच्या तपासण्या चुकवू नका: रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, पुढे साधारण दोन-तीन महिन्यांनी. बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळणारेच मी जास्त पाहिलेत. तोंड आलं, ताप आला, कोरडा खोकला लागून दम लागला, अंगावर काळेनिळे डाग उठले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य हेच: ‘मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते.’ कारण जुलाबाला, लघवीच्या जळजळीला सर्रास मिळणारी सेप्ट्रानची गोळी मेथोट्रेक्सेटबरोबर घेतली तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकते. दुखण्याच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत.

वारीचं म्हणाल तर नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझी आई माळकरी होती. निघायच्या आधीच्या आठवड्यात रक्त तपासा, अहवाल दाखवून डॉक्टरांची परवानगी घ्या, फ्लूच्या लशीचंही तेव्हाच विचारा. सांधे सुजलेले असतील तर यंदा पालखी फलटणला आली की आईंना तिथे दर्शनाला न्या. चालायला निघाल्याच, तर पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद, आणि तहानेची वाट न बघता प्यायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी घ्यायची नाही, आधी फोन. वाटेत तीन शुक्रवार येतील. दिरांना पाकीट कापून चार-चार गोळ्यांचे तीन तुकडे करू द्या, गोळ्या वेष्टनातच राहू देत. प्रत्येक तुकडा वेगळ्या लखोट्यात, वर तारीख आणि ‘शुक्रवार’. फॉलिक ॲसिडचे तीन लखोटे वेगळे, त्यांवर ‘शनिवार’. दिंडीतल्या एका बाईंना हे दाखवून ठेवा आणि डॉक्टरांचा नंबर आईंच्या पिशवीच्या आतल्या बाजूला शिवून टाका.