माझी सर्व्हिस हाताने चालवली की चालते, सिस्टमडीवरून (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) लावली की एसई-लिनक्स (कोणता प्रोग्राम कशाला हात लावू शकतो ते ठरवणारी लिनक्सची सुरक्षा) अडवतं. पॉलिसी लिहू की सरळ बंद करू?

हा तुमचा प्रश्न, आणि पोस्टमध्ये तुमचे सिनियर म्हणाले ना, "सेटएनफोर्स ० मार आणि विषय संपव", म्हणजे एसई-लिनक्सचं अडवणंच बंद कर, ते वाचून डोकं सणकलं म्हणून लिहितोय. नेमकं हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, आणि विषय संपला नव्हता, तो मे महिन्यात माझ्या गळ्यात आला होता.

आमच्या काकांचं देवगडजवळ आंब्याचं छोटं कॅनिंग आहे. मार्च २०२१ मध्ये चुलत भावाने, म्हणजे दादाने, वजनकाट्यासाठी एक सर्व्हिस लिहून दिली. काट्याचं वजन यूएसबी-सिरियलवरून वाचायचं, डेटाबेसात टाकायचं, पावती छापायची, बस. दादा पुण्यात आयटीत, मोठ्या पगाराचा. सर्व्हर सेंटओएस ८. त्याने प्रोग्राम स्वतःच्या होम फोल्डरात बनवला, एमव्हीने (फाइल हलवायची कमांड) ऑप्टमधल्या काटा फोल्डरात नेला, सर्व्हिस लावली, तर तुमच्या पोस्टमधल्यासारखंच परमिशन डिनाइड आणि २०३ (सिस्टमडीला फाइल चालवता आली नाही, त्याचा एरर नंबर). मग दादाने सेटएनफोर्स ० मारलं, काटा चालू झाला, काकांनी त्याला चहा दिला. मी म्हटलं, अरे लेबल (एसई-लिनक्स प्रत्येक फाइलीवर बघतं ती खूण) चुकलंय, एकदा बघ तरी. तर मला म्हणाला, "तू वेबसाइटी बनवतोस ना, तेवढंच कर."

१६ मेला तौक्ते आमच्या किनाऱ्यावरून गेलं. लाइट नाही, मोबाइलला टॉवर नाही, रस्त्यावर झाडं आडवी. आणि बागेत आंबा खाली पडलेला, हा आंबा मार्केटला चालत नाही, त्याला एकच वाट, कॅनिंग, आणि तीही लगेच, कारण आपटलेला आंबा दोन दिवसांत काळा पडतो. त्यामुळे पिकअप, रिक्षा-टेम्पो, जे मिळेल त्यातून क्रेट येऊन गेटवर लाइन लागली. इन्व्हर्टर तोवर मेलेला, जनरेटर लावला, सर्व्हर नव्याने चालू झाला आणि काट्याची सर्व्हिस काही उठेना. सेटएनफोर्स फक्त पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतं हे तुम्हाला माहीत असेलच, दोन महिन्यांत सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता म्हणून ते कोणाच्या लक्षात नव्हतं.

काका ओरडतायत, "काय रे, तुझा ता यंत्र कधी चालतला? आंबो कुसतलो हयसर!" माझं यंत्र! का, तर शुक्रवारी मी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला लॉगिन केलं होतं, शेवटचा हात माझा. दादाला फोन लागत नाही. मीही शहाणा नाही म्हणा, पहिला तासभर केबल काढून पुसून परत लावण्यात घालवला, वाटलं पाणी गेलं. तोवर वजनं क्रेटच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिणं चाललेलं, आणि दोन पुठ्ठे भिजून त्यावरून पुढे भांडणंही झाली. मग एकदाचं एलएसला कॅपिटल झेड लावून (त्याने फाइलींची लेबलं दिसतात) बघितलं. ऑप्टमधल्या फाइलीवर लेबल युजर_होम_टी, म्हणजे होम फोल्डरातलं. रिस्टोअरकॉन (जागेप्रमाणे योग्य लेबल परत लावणारी कमांड) मारलं, सर्व्हिस रीस्टार्ट, चालू. दहा सेकंद!

तुमचंही तेच असणार, शंभरातली नव्वद प्रकरणं हीच असतात. एमव्ही फाइलीसोबत जुनं लेबल घेऊन जातो, सीपी (कॉपी) केलं तर नवीन फाइल नव्या फोल्डरचं घेते. हाताने चालवता तेव्हा तुम्ही अनकन्फाइन्ड, म्हणजे मोकळे, असता म्हणून सगळं चालतं, सिस्टमडी मात्र इनिट_टी म्हणून येतो आणि त्याला कोणाच्या होममधली फाइल चालवायची मुभा नाही. तेव्हा आधी बायनरी (चालवायची प्रोग्राम-फाइल) बिन नावाच्या सबफोल्डरात ठेवा, रिस्टोअरकॉन मारा, बिन_टी (चालवायच्या प्रोग्रामचं लेबल) लागेल. जागा अगदीच वेगळी असेल तर एसई-मॅनेज एफकॉन्टेक्स्टने नोंद करून मग रिस्टोअरकॉन. चकॉन (लेबल थेट बदलणारी कमांड) नको, पुढच्या रीलेबलला उडतं.

आणि ऑडिट-टू-अलाऊला (अडवल्याच्या नोंदींतून परवानगीचे नियम बनवणारी कमांड) लॉग खायला घालून जे निघेल ते डोळे मिटून लोड करू नका. आमच्या केसमध्ये त्याने नियम काय दिला असता? इनिट_टीला युजर_होम_टी चालवू द्या. म्हणजे एका आंब्याच्या काट्यासाठी सिस्टमडीला सगळ्या युजरांच्या घरातलं काहीही चालवायची परवानगी. तीन दिवसांनी रेंज आल्यावर दादाला हे सांगितलं तर म्हणे, "मग कॉन्फिगमध्येच डिसेबल्ड करायचं ना, रीबूटनंतर परत आलं नसतं." अरे, डिसेबल्ड असताना बनलेल्या फाइलींना लेबलच लागत नाही, परत चालू करायचं तर अख्खी डिस्क रीलेबल करत बसा. आणि आरएचईएल (रेडहॅटचं लिनक्स) ९ पासून ती ओळ पूर्ण बंद करतही नाही, कर्नलच्या बूट लाइनीत सांगावं लागतं. पण दादाला कोण सांगणार, तो अजून घरात "माझा काटा" म्हणूनच सांगतो.

बरं, तुमचा प्रश्न पॉलिसीचा होता. बिन_टीने सर्व्हिस चालते, पण ती अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी म्हणून, म्हणजे खरी कोंडलेली नसते. कोंडायचीच असेल तर पॉलिसीकोअरयुटिल्स-डेव्हल टाका, एसई-पॉलिसी जनरेट, इनिट, आणि बायनरीचा पाथ. टीई (नियम), एफसी (लेबलं) वगैरे फाइली आणि एक एसएच स्क्रिप्ट मिळेल, ती चालवा. टीईमध्ये सुरुवातीला परमिसिव्हची ओळ असते, म्हणजे फक्त तुमच्या सर्व्हिसचं डोमेन मोकळं आणि बाकी सगळी मशीन एनफोर्सिंग (अडवणं चालू). तुमच्या सिनियरना हवं होतं ते हेच, फक्त एका सर्व्हिसपुरतं. तसंच काही दिवस चालू द्या, त्यात लॉग रोटेशन, रात्रीचा बॅकअप, रीस्टार्ट सगळं येऊ दे. मग एयू-सर्चने एव्हीसी (अडवल्याच्या नोंदी) काढा आणि नियम एकेक वाचून टाका. पोर्ट असेल तर एसई-मॅनेज पोर्ट. सिरियल असेल तर आमच्यासारखं यूएसबीटीटीवाईचं लेबल दिसेल. लॉगात काहीच नाही आणि तरी अडतंय, तर डोन्टऑडिटने (लॉगात नोंद करू नको सांगणारा नियम) लपवलेलं असतं, एसई-मॉड्यूल डीबी करून बघा, नंतर नुसतं बी करून परत झाका. शेवटी परमिसिव्हची ओळ काढून परत बिल्ड. ती ओळ काढायला लोक विसरतात, मीही चार महिने विसरलो होतो, हे दादाला सांगू नका.

हे सगळं रेडहॅटच्या घराण्याचं. उबुंटूवर असाल तर तिथे ॲपआर्मर असतं, ते लेबलवर नाही पाथवर चालतं, मग वरचं बरंचसं लागू नाही, एए-कम्प्लेन आणि एए-लॉगप्रॉफ बघा. कोणतं डिस्ट्रो ते तुम्ही लिहिलंच नाहीये. ते आणि त्या कॅपिटल झेडचं आउटपुट टाका, बघून सांगतो.