वर्षभर भटकंतीत जगाच्या बातम्या कशा कळत राहतील?

नोकरी सोडून वर्षभर फिरायचं आहे, मोबाईलमध्ये डोकं न घालता जगाची खबर हवी, असं तुम्ही विचारलंय. फिरणाऱ्याला बातम्या कशाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका.

सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या, मीडियमवेव्ह आणि शॉर्टवेव्ह हे एफएमपेक्षा लांबवर पोचणारे दोन्ही पट्टे असलेला. रात्री पावणेनऊला आकाशवाणीचं 'समाचार संध्या', नऊला इंग्रजी बातम्या. मग बंद करून झोपा. अंधार पडला की मीडियमवेव्ह फार लांबवर पोचते. आवाज खरखरला तर संचच आडवा फिरवून बघा, आतला अँटेना दिशेप्रमाणे पकडतो.

मी हे इतक्या जोरात सांगतोय, कारण हा रेडिओ मी नर्मदा परिक्रमेत वागवलाय. २०१९ च्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून भाऊजींसोबत निघालो. फोन पिशवीत बंद, फक्त घरी बोलण्यापुरता काढायचा. रेडिओवरून भाऊजींची पहिल्या दिवसापासून कटकट. "काहून गा, मैयाच्या काठानं चालतेस अन् कान दिल्लीकडे? परिक्रमेत जग सोडायचं असते." मी ऐकतच राहिलो. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला कायमचं बंद झालं तेव्हा मला घरचं कोणी गेल्यासारखं वाटलं. पुढे आकाशवाणीवर भागवलं.

जानेवारीत कोरोनामुळे चीनमधलं वुहान बंद झाल्याचं रेडिओवरच कळलं होतं. मग इटलीतली गावं, आणि ९ मार्चला अख्खी इटली. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली आणि त्याच दिवशी आपल्या नागपुरात पहिला रुग्ण सापडला. आम्ही तेव्हा दक्षिण तटावर, बरमान घाटाच्या आश्रमात होतो. तिथे लोक एकमेकांना कापराच्या पुड्या वाटत होते. मी भाऊजींना म्हटलं, इटलीसारखा देश दारं लावून बसला, तर आपल्याकडे गाड्या थांबायला किती वेळ लागेल? आई ऐंशीच्या पुढची, नागपुरात महाल भागातल्या घरी एकटी. चला परत. ते म्हणाले, "इटलीशी आपलं काय घेणं?"

मी मैयाला हात जोडले, करेलीला गाडी धरली आणि इटारसीमार्गे घरी आलो. २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, प्रवासी गाड्या थांबल्या, २५ पासून देश बंद. भाऊजी मे महिन्यापर्यंत तिकडेच अडकले. आश्रमवाल्यांनी त्यांना पोटच्या माणसासारखं सांभाळलं, त्यांचे उपकार आहेतच. पण मधुमेहाच्या गोळ्यांसाठी वणवण झाली आणि ताईनं इकडे रडून रडून दिवस काढले. तरी आजही कोणाच्या लग्नात भेटले की चारचौघांत म्हणतात, "यानं परिक्रमा मोडली." मी थांबलो त्याच घाटावरून पुढे चालून ती पूर्ण केली, हे मात्र सांगत नाहीत. श्रद्धा आणि बातम्या यांचं वैर आहे, हे मला कुठल्याही साधूनं सांगितलं नाही. उलट संध्याकाळी रेडिओ लावला की बुवा स्वतः जवळ येऊन बसायचे.

तुम्ही परदेशात जाणार असाल तर आकाशवाणीची ही बातमीपत्रं साध्या रेडिओवर बहुतेक ठिकाणी लागणार नाहीत. नेट असेल तिथे बातम्यांचे पॉडकास्ट उतरवून घ्या आणि रात्री ऐका. शिवाय आकाशवाणीची मीडियमवेव्ह केंद्रं हल्ली कमी होत चालली आहेत. नागपूर देशाच्या मधोमध म्हणून रात्री देशभर ऐकू जाणारी राष्ट्रीय वाहिनी इथून, दहा लाख वॅटच्या ट्रान्समीटरवरून चालायची, तीही बंद झाली. म्हणून निघण्याआधी आपल्या वाटेवर काय लागतं ते विचारून घ्या. सातपुड्याच्या दऱ्यांत कधी कधी काहीच लागत नाही, तिथे गावातल्या शाळेच्या गुरुजींना विचारायचं.

आणि सोबत कोणी भाऊजी असतील, तर रेडिओ कानाला लावून ऐकू नका. मोठ्यानं लावा, त्यांनाही ऐकू द्या.