पहिल्या पावसानंतर खाजनातल्या तळ्यात चोणक आणि काळुंदर का मरतात?

तुमचं तळं खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत. प्रश्न असा: चोणक गोड्या पाण्यातही जगतो, मीटरवर ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅम दिसतो, मग मिरगाच्या दोन-तीन सरींनंतर मासे वर येऊन तोंड का वासतात?

माझा संशय आधी बांधावर जातो. तडफडणारा एखादा मासा घेऊन कल्ल्याचं झाकण उचला. निरोगी कल्ला लालभडक असतो, त्याची पिसं सुटी असतात. इथे ती पिवळट-तपकिरी बुळबुळीत थराने एकमेकांना चिकटलेली दिसली, तर आम्लाचं पाणी तळ्यात उतरलंय.

खाजनाचा गाळ जुन्या खारफुटीतला. त्यात लोह आणि गंधकाचं पायराइट असतं. पाण्याखाली ते गप्प बसतं. उन्हाळ्यात तळ उपसून तोच गाळ बांधावर चढवला की हवा लागून गंधकाम्ल तयार होतं आणि पहिल्या पावसात लोह-अॅल्युमिनियमसकट खाली येतं. बांधाच्या आतल्या उतारावर पेंढ्याच्या रंगाचे डाग ही त्याची खूण.

मासा अमोनिया कल्ल्यातूनच टाकतो, त्यामुळे कल्ल्याला लागून असलेल्या पाण्याचा पीएच बाहेरच्या आम्लपाण्यापेक्षा थोडा जास्त राहतो. विरघळलेले धातू नेमके तिथे साका धरतात, वर चिकट स्राव सुटतो आणि ऑक्सिजन पाण्यात असूनही रक्तात शिरत नाही. तुमचा मीटर खोटं बोलत नाही. शिवाय पीएच 5 च्या खाली गेला की कल्ल्याच्या पेशींचे सांधे घट्ट धरणारं कॅल्शियम निसटतं आणि रक्तातलं सोडियम झिरपून जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पावसाच्या पाण्यात जवळजवळ नसतंच. गरज असते तेव्हाच ते पातळ होतं.

खारटपणा अचानक उतरणं ही दुसरी बाजू. माशाचं रक्त समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारट. मे महिन्यात तळं हजारी 30 वर (हजार भाग पाण्यात 30 भाग मीठ) असतं तेव्हा मासा पाणी पितो आणि कल्ल्यातल्या क्लोराइड पेशी मीठ बाहेर टाकतात. पाणी हजारी 5 वर आलं की सगळंच उलटं: पिणं थांबवायचं, लघवीवाटे पाणी काढायचं, मीठ आत ओढायचं. पेशींना हा बदल करायला काही दिवस लागतात. रोज 3 ते 5 ने उतरलं तर चोणक, काळुंदर, शेवटे हे मासे निभावून नेतात.

पीएच पहाटे मोजा, आणि मानशीजवळ (बांधातल्या फळ्यांच्या दाराजवळ) नको, तिथे भरतीचं पाणी असतं. बांधाच्या पायथ्याशी मोजा. 6 च्या खाली असेल तर चुनखडीची किंवा शिंपल्यांची बारीक पूड, दर 100 चौरस मीटरला 2 किलो, पाण्यात कालवून बांधाच्या कडेने टाका. दुसऱ्या दिवशी मोजून गरज असेल तर पुन्हा. मासे आत असताना कळीचा चुना अजिबात नको, पीएच एकदम वर जातो आणि पाण्यातला अमोनिया विषारी होतो. 28 अंशांवर पीएच 7 ला एकूण अमोनियातला विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, 8 ला 6-7 टक्के, 9 ला 40 च्या आसपास. खाद्य तेवढे दिवस बंद ठेवा.

पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. ओहोटीला मानशीच्या वरच्या फळ्या काढा म्हणजे तेच आधी निघून जाईल. खालची फळी उचललीत तर खारं जातं आणि गोडं उरतं. पॅडलव्हील (पाणी घुसळणारं चाक) असेल तर सर सुरू होतानाच चालू करा, थर बसल्यावर नव्हे.

पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर बांधाच्या दर मीटर लांबीला अर्धा ते एक किलो चुनखडीची पूड पसरा. गाळ चढवायचाच असेल, तर आधी मूठभर गाळ पातळ थापून आठ आठवडे ओलसर ठेवा. पीएच 4 च्या खाली गेला, तर तो गाळ बांधावर चढवू नका, पाण्याखालीच राहू द्या.