डॉल्फिन क्रॅश झाल्यावर येणारा तो रिपोर्टचा बॉक्स भरायचा का?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीच्या ऑफिसात कुबुंटू या लिनक्सवर डॉल्फिन (फायली-फोल्डर उघडायचा प्रोग्राम) सारखं बंद पडतं आणि मग बग रिपोर्ट करा म्हणून बॉक्स येतो, तर तो भरून कोणी बघतं का आणि आपला डेटा बाहेर जातो का. मी महापेला डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्याच कामात आहे, लोकांचे असले रिपोर्ट वाचणं हा रोजचा धंदा, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

बघतात, पण बॅकट्रेस बरा असेल तरच. त्या बॉक्सचं नाव डॉ. कॉन्की, केडीईचा (डॉल्फिन बनवणारी मंडळी) तो हिरवा ड्रॅगन आहे ना कॉन्की, त्याच्यावरून. तो मागे जीडीबी नावाचा डीबगर चालवतो आणि प्रोग्राम मेला तेव्हा कुठलं फंक्शन कोणी बोलावलं होतं त्याची उतरती यादी काढतो, तोच बॅकट्रेस, पंचनामाच म्हणा ना. आता मशीनवर डीबग सिम्बॉल (फंक्शनची नावं पुरवणाऱ्या जादा फायली) नसतील तर त्या यादीत फंक्शनच्या नावाच्या जागी नुसती दोन प्रश्नचिन्हं येतात, ओळीमागून ओळ तेच, आणि असला रिपोर्ट उघडून डेव्हलपर तरी काय करणार, बंदच करणार. म्हणून डेव्हलपर इन्फर्मेशनच्या टॅबवर जाऊन बॅकट्रेसला किती स्टार मिळालेत ते बघा, तीनपैकी एखादाच दिसला तर आधी सिम्बॉल इन्स्टॉल करून बॅकट्रेस परत काढा आणि मगच पुढे जा, नाहीतर तुमचाही वेळ फुकट आणि त्यांचाही.

दुसरं म्हणजे 'काय करत होतात' हा रकाना. लोक तिथे 'अचानक बंद झालं' लिहून मोकळे होतात!! अहो अचानक बंद झालं म्हणूनच तर बॉक्स आलाय. 'पेनड्राइव्हवरून फोल्डर कॉपी चालू होतं, मध्येच टॅब बंद केला, दरवेळी होतं' एवढं लिहिलंत तरी पुरे. 'दरवेळी' की 'कधीकधी' हे तर लिहाच, कारण डेव्हलपरला स्वतःच्या मशीनवर तोच क्रॅश घडवून आणता आला की अर्धी लढाई तिथेच संपते. इंग्लिश मोडकंतोडकं असलं तरी कोणी नावं ठेवत नाही.

पाठवायला केडीईच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या वेबसाइटवर, अकाउंट लागतं आणि तिथले रिपोर्ट कोणालाही वाचता येतात, त्यामुळे ऑफिसचा मेल आयडी देऊ नका, वेगळा काढा, पण तो बघत जा हां, त्यांनी उलट प्रश्न विचारला आणि तुम्ही ३० दिवस गप्प बसलात तर रिपोर्ट आपोआप बंद होतो. व्हर्जन फार जुनं असेल तरी पहिलं उत्तर 'नवीनवर करून बघा' हेच येणार, तेव्हा अपडेट आधीच मारून घ्या.

डेटाचं म्हणाल तर तुमच्या फायली काही जात नाहीत, पण बॅकट्रेसमध्ये फोल्डरचा पाथ, फाइलचं नाव, असं काहीबाही येऊ शकतं आणि त्यात क्लायंटचं नाव असेल तर पंचाईत. तो नुसता टेक्स्ट असतो, पाठवायच्या आधी एकदा नजर टाका, नावं खोडून टाकलीत तरी चालतं, फंक्शनच्या ओळींना मात्र हात लावू नका. कोअर डंप ही वेगळी गोष्ट, त्यात प्रोग्रामची अख्खी मेमरी असते, तो कोणी मागितला तरी ऑफिसच्या मशीनवरून आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरच्या लॅपटॉपवर तोच क्रॅश आणता आला तर बेस्ट, तिथूनच पाठवा.