'ॲनिमल फार्म' पहिल्यांदाच वाचतोय. आधी रशियाचा इतिहास वाचावा लागेल का?

नाही. कोरं डोकं घेऊन वाचा. जॉर्ज ऑर्वेलची ही छोटी कादंबरी: एका शेतावरची जनावरं मालकाला हाकलून देतात आणि मग डुकरंच त्यांच्यावर राज्य करायला लागतात. वरवर जनावरांची गोष्ट, आतून रशियन क्रांतीवरची टीका. दहाच प्रकरणं आहेत, ऑर्वेलचं इंग्रजी साधं आहे, बारावी झालेल्याला झेपतं. यातलं कोण स्टॅलिन, कोण ट्रॉट्स्की (क्रांतीनंतर सत्तेसाठी भांडलेले दोन रशियन नेते) हे आधी ठाऊक नसेल तर वाचणं वाया जाईल का, असं तुम्ही विचारलंय. आमचे दादा मला इतकी वर्षं हेच ऐकवत आले आहेत, म्हणून लिहायला बसलो. दादा म्हणजे मोठ्या बाबांचे चिरंजीव, राज्यशास्त्राचे प्राध्यापक. पुस्तकही त्यांनीच दिलं होतं.

2009 ची गोष्ट. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, तालुक्याला खोली करून राहायचो. घरी यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. बैलजोडी एकच, चांद्या आणि लाल्या. चांद्या तेरा वर्षांचा झाला होता. वखराला जुंपला की धुऱ्यापर्यंत पोचायच्या आत बसायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, तोरणाखाली झडत्या, आईच्या हातची पुरणपोळी. आणि पुढच्याच बाजाराला त्याला विकायला काढला.

बंडीमागे बांधून नेला. बंडीला लाल्या होता आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेला एक बैल. मी बंडीत बसलो होतो. दुपट्ट्याखाली बोटं दाबून सौदा झाला, साडेचार हजार. घेणारा काही त्याला वखराला जुंपणार नव्हता. हे दलालाला माहीत होतं, बाबांना होतं, मलाही होतं. येताना कोणी बोललं नाही.

दिवाळीच्या आधी खोलीवर पुस्तक वाचायला घेतलं, शेजारी डिक्शनरी. सुरुवातीला मजा आली. डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवतात आणि वर सांगतात, आम्हाला ते आवडतसुद्धा नाही, तुमच्यासाठीच खातो. आमच्याकडच्या एका सोसायटीच्या सभेला जो बसला असेल त्याला इथं रशिया लागत नाही. मग नववं प्रकरण आलं. बॉक्सर नावाचा घोडा पवनचक्कीचे दगड ओढून ओढून कोसळतो, त्याला न्यायला गाडी येते. बाकी जनावरं हात हलवावा तशी निरोप देतात. गाडीवर काय लिहिलंय ते गाढव वाचून दाखवतं: खाटकाची गाडी. आणि त्या घोड्याला पेन्शन ठरलेली होती हो! बाराव्या वर्षी निवृत्ती, चरायला वेगळं कुरण, रोज पाच पौंड दाणा. सगळं कबूल केलेलं. घोडा गेला आणि डुकरांकडे कुठूनतरी पैसे आले, व्हिस्कीची पेटी आली.

त्या रात्री मी जेवलो नाही.

दादांना सांगितलं तर ते हसले. म्हणे, "अरे, बॉक्सर म्हणजे रशियातला कामगार वर्ग. तू बैलासाठी रडतोस? रूपक कळलंच नाही तुला." तेव्हापासूनचा आमचा वाद आहे.

दिवाळीला घरी गेलो तो बाबांशी भांडायच्याच तयारीनं. गोष्ट पूर्ण सांगितली, पेन्शनवर जरा जोर देऊन. बाबा पऱ्हाटीचं ओझं उतरवत होते. म्हणाले, "बैल म्हातारा झाला तं त्याले काय पेन्शन देऊ? मले कोन देते?" मग आत गेले आणि माझ्या फीची पावती आणून हातात दिली. दुसरा हप्ता. तारीख त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची. तेव्हा व्हिस्की कोणी प्यायली ते मला कळलं. कोण म्हणजे कोण अशा तुमच्या यादीत स्टॅलिनसमोर नेपोलियन, म्हणजे डुकरांचा पुढारी, लिहिलेलं असेल, पण माझ्यासमोर काय लिहायचं?

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या गाडीले काय जुपलं होतं? यंजिन होतं का?"

म्हटलं, "नाही, दोन घोडे होते. बाकीची जनावरं ओरडत होती, आपल्याच भावाला नेऊ नका म्हणून. त्यांना काही कळलं नाही, कान मागे पाडून आणखी जोरात पळाले."

बाबा बराच वेळ ओझ्याची गाठ सोडत राहिले. मग म्हणाले, "लाल्याले पानी पाजलं का?"

आता दादांची बाजूही थोडी सांगतो, नाहीतर अन्याय होईल. इतिहास मी नंतर वाचला आणि पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना फायदा झाला. नेपोलियननं हाकलून दिलेला स्नोबॉल नावाचा डुक्करच गद्दार आहे, पवनचक्की त्यानंच पाडली, असं पहिल्यांदा मलाही वाटायला लागलं होतं, ती वादळात पडली हे मी स्वतः वाचलेलं असून! शेवटचा डुकरं आणि माणसांचा पत्त्यांचा डाव म्हणजे स्टॅलिन, चर्चिल आणि रूझवेल्ट यांची 1943 ची तेहरान परिषद, हे तर सांगितल्याशिवाय कळणारच नाही. पुस्तक आलं ऑगस्ट 1945 मध्ये. त्याआधी ते बऱ्याच प्रकाशकांनी नाकारलं, कारण तेव्हा रशिया इंग्लंडच्या बाजूनं लढत होता. आणि समाजवाद कसा खोटा हे दाखवायला जे हे पुस्तक नाचवतात त्यांचं ऐकू नका. ऑर्वेल स्वतः समाजवादी होता, 1937 साली स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध लढताना त्याच्या गळ्यातून गोळी गेली. हे सगळं खरं आहे, पण दुसऱ्या वाचनाला.

दादा हे पुस्तक वर्गात शिकवतात. मोझेस कावळा म्हणजे चर्च, मॉली घोडी म्हणजे पळून गेलेले जमीनदार, सगळा तक्ता तोंडपाठ. मागच्या पोळ्याला ते घरी आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, बॉक्सरच्या गाडीला काय जुंपलं होतं?"

म्हणाले, "मोटार असेल."