चरबी आधी की घोरणं आधी?

ताई, अण्णांचं वजन ९६, मान ४४ सेंटिमीटर, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेला, डॉक्टरांनी झोपेची तपासणी सांगितलेली, आणि तुमचा प्रश्न, हा सीआरपी वजनामुळं वाढला की घोरण्यामुळं? दोन्हींमुळं. दोघं एकमेकांना पोसतात.

मी लातूरला मोंढ्यात आडतीवर बसतो. हिशोबपट्टी लिहिता लिहिता हातातून पेन गळायचा. रात्री नऊ-नऊ तास झोपूनही! तपासणीत निघालं, घोरता घोरता झोपेत तासाला ४१ वेळा श्वास अडतो नाहीतर मंदावतो, म्हणजे स्लीप ॲप्निया. ५ च्या आत ठीक, ३० च्या वर गंभीर.

चरबी पोटावरच नसते, गळ्याभोवती आणि जिभेतही साठते. झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट मिटते. ऑक्सिजन उतरतो, माणूस दचकून श्वास घेतो, परत चढतो. रात्रभर हेच. या चढउताराच्या माराने शरीरात दाह वाढवणारे पदार्थ सुटतात. त्यातल्या आयएल-६ मुळं लिव्हर सीआरपी बनवतं. आणि पोटातली चरबी हेच पदार्थ दिवसाढवळ्याही सोडत असते. (डॉक्टर याला 'आतली सूज' म्हणाले, तर आमची मंडळी महिनाभर माझे पाय दाबून बघत होती.) वर अर्धवट झोपेनं भूक खवळते, अंगात चालायचं त्राण राहत नाही, वजन आणखी चढतं.

आता खरं सांगायचं ते. सीपॅप मशीननं (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं ते) घोरणं पहिल्याच रात्री थांबलं, पेन गळणं पंधरा दिवसांत. सीआरपी मात्र होता तिथंच. मी डॉक्टरांवर चिडलो. पण २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासातही तेच दिसलं होतं: नुसत्या सीपॅपनं सीआरपी हलला नाही, वजन घटवलेल्यांचा उतरला. म्हणून मशीन फेकायचं नाही. दोन्ही नेमानं करणाऱ्यांचं बीपी सगळ्यात चांगलं उतरलं. मी ९ किलो उतरवले, तेव्हा ४१ चे २७ झाले. मशीन अजून आहेच.

सीआरपी साध्या इन्फेक्शननंही वाढतो, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. मशीन आलं तर इन्व्हर्टरची सोय आधी बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा? झोपेची गोळी मनानं देऊ नका.

आणि तपासणी होईपर्यंत अण्णांना गाडी चालवू देऊ नका. औसा रोडला डोळा लागून मी बाभळीत घुसलो, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.